पश्चिमेकडची त्रेचाळीस घरं

सहाव्या मजल्यावरच्या एका खिडकीला आतून चांदीचा कागद लावलेला होता. उपासनाने तो पाहिला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. ऊन अजून इमारतीच्या मागे होतं, त्यामुळे कागद चमकत नव्हता; एवढ्या स्वच्छ, निळसर काचांच्या रांगेत एक मळका चौकोन तेवढा दिसत होता, कुणीतरी पोळ्यांच्या डब्याचं आवरण सोलून तिथे चिकटवावं तसा. शेजारी तिचा बॉस वॉरन कॉफीचा कप घेऊन उभा होता. दोघं रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून आपल्या ऑफिसने आखलेली इमारत बघायला आली होती, कारण गुरुवारी परीक्षक येणार होते. अमेरिकाभरातल्या उंच, पर्यावरणस्नेही इमारतींतून पाच निवडल्या होत्या आणि बेलव्ह्यूमधली ही बत्तीस मजल्यांची इमारत त्या पाचांत होती. वॉरनने डोळे बारीक केले. "फॉइल आहे का ते?" त्याने विचारलं. उपासना म्हणाली, "असेल." "तिथे राहणाऱ्या बाई तुझ्या ओळखीच्या आहेत ना? मागे तू सांगितलं होतंस." तो हळू आवाजात बोलत होता. तो कधीच मोठ्याने बोलत नसे. सायकलवर ऑफिसला यायचा, मांस खायचा नाही, कुणाच्याही मुलाचा वाढदिवस विसरायचा नाही. "फक्त गुरुवारपर्यंत काढता आलं तर बघ. तू सांगितलंस तर त्यांना बरं वाटेल. मॅनेजमेंटने सांगणं वेगळं." उपासनाने मान हलवली. खिडक्या मोजायची तिला गरज नव्हती. डावीकडून पाचवी, सहावा मजला. ते मालिनीमावशींचं घर होतं, आणि ते त्यांना मिळावं म्हणून स्वस्त घरांच्या लॉटरीचा अर्ज तिनेच भरला होता.

लिफ्टमध्ये ती एकटीच होती. भिंतीवरच्या पडद्यावर इमारतीचं कौतुक सरकत होतं: पावसाचं पाणी किती साठवलं, दक्षिणेच्या भिंतीवरच्या पॅनेलनी आज किती वीज दिली, गच्च्यांवर किती जातींची झाडं आहेत. यातल्या बऱ्याच आकड्यांमागे उपासनाचे आठ महिने होते. इमारत बांधायच्या आधी ती संगणकात उभी करायची, तिच्यावर वर्षभराचं ऊन-वारा सोडायचा आणि आतल्या माणसांना किती गरम होईल, किती थंडी वाजेल ते सांगायचं, हे तिचं काम. हे काम आपल्याला आईने शिकवलं असं ती मुलाखतीत सांगायची आणि ते खोटं नव्हतं. नागपूरला त्यांचं घर पत्र्याचं होतं. मे महिन्यात आई, जाईबाई, दिवसभर खाट हलवत असायची: सकाळी दारामागे, अकराला न्हाणीच्या भिंतीशी, दोन वाजता घराच्या अगदी मधोमध, चारनंतर पुन्हा दारापाशी, तेव्हा बाहेरच्या ओट्यावर ओली चादर टांगलेली असायची. सूर्य कोणत्या घटकेला कुठल्या फटीतून आत येतो हे तिला तोंडपाठ होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईचं गणित आपण अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये मांडतो, असं उपासना म्हणायची आणि समोरचे लोक हळवे व्हायचे. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. वडील दादाराव वीज केंद्रातून निवृत्त होऊन आता सिमेंटच्या घरात, कूलरसमोर बसायचे. त्यांनी या इमारतीचा फोटो मोठा करून भिंतीला लावला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की माझी पोरगी अशी बिल्डिंग बांधते जिला कूलर लागत नाही.

तसं ते पूर्ण खरं नव्हतं. दहाव्या मजल्यापासून वर थंड हवेची सोय होती. चौथ्यापासून नवव्यापर्यंत, पश्चिमेच्या बाजूला, कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखलेली त्रेचाळीस घरं होती, तिथे नव्हती. तिथली भिस्त दोन गोष्टींवर होती: खिडक्यांबाहेरच्या ऊन अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या आणि मोकळा वारा. मग खर्च कपातीची एक बैठक झाली आणि खालच्या सहा मजल्यांवरच्या पट्ट्या गेल्या. रस्त्यावरून त्या तशाही दिसत नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. उपासनाने पट्ट्या काढून हिशेब पुन्हा चालवला. उन्हाळ्यात तीनशे बारा तास ती घरं सहन होण्यापलीकडे तापणार होती. चालण्यासारखे होते फार तर शंभर. वॉरन तिच्या खुर्चीमागे उभा राहून बघत होता. "खिडक्या किती उघड्या धरल्यास?" "चार इंच. मुलं पडू नयेत म्हणून त्याहून जास्त उघडत नाहीत." "लोक तो अडसर काढतात गं. पहिल्याच आठवड्यात. जे होतं तेच धर ना." तिने खिडक्या पूर्ण उघड्या धरल्या. अठ्ठ्याऐंशी तास. वॉरनने तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. त्या दिवशी घरी जाताना तिने स्वतःला सांगितलं की व्हिसावरचा माणूस यापेक्षा जास्त काय बोलणार. पुढे कित्येक महिने ती हेच सांगत राहिली. खरं तर तेव्हा ग्रीन कार्ड हातात येऊन सात महिने झाले होते.

मावशींनी दार उघडलं. अंगात सुती गाऊन, हातावर कणीक. "अगं, या वेळेला? सुट्टी आहे का?" मालिनीमावशी मूळच्या सांगलीच्या. मुलाचा संसार सांभाळायला आल्या. मुलाचा संसार मोडला, तो अंकुर नोकरीसाठी डॅलसला गेला, आणि या इथेच राहिल्या, मराठी घरांतली मुलं सांभाळत, पोळ्या करून देत. लेकीच्या, सियाच्या वेळी उपासनाला सी-सेक्शन झालं तेव्हा आई नव्हती, सासूबाईंना व्हिसा मिळाला नव्हता. महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला एकदाच भेटलेली ही बाई तिसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू घेऊन दारात उभी राहिली आणि चाळीस दिवस येत राहिली. पहिल्या भेटीत मावशींनी आडनाव विचारलं होतं, सरळ, सगळे आडून विचारतात तसं नाही. ऐकून "बरं" म्हणाल्या होत्या. त्या 'बरं'चा अर्थ उपासनाने बरेच दिवस लावून पाहिला होता. पण लाडू घेऊन आल्या त्या पहिल्याच दिवशी तिच्या स्वयंपाकघरातलं पाणी प्यायल्या, तिच्या नवऱ्याने, बुद्धभूषणने केलेली खिचडी जेवल्या, हेही तिने टिपून ठेवलं होतं. असं टिपून ठेवायची सवय तिच्यासारख्या माणसांना लहानपणीच लागते आणि सात समुद्र ओलांडले तरी सुटत नाही. पुढे सियाने बोलायला शिकून ज्या बाईला पहिल्यांदा 'आजी' म्हटलं ती हीच. या घराची चावी मिळाली त्या दिवशी मावशी खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, लांबवर पाण्याची एक पट्टी दिसत होती, आणि म्हणाल्या होत्या, "तू बांधलेल्या घरात मी राहणार म्हणजे."

आता ती खिडकी खालपासून वरपर्यंत झाकलेली होती. खोलीत संध्याकाळसारखा उजेड होता.

"हे कधी लावलंत?"

"झाले आठ दिवस. शेजारच्या त्या आबेबाने सांगितलं, इथिओपियाची आहे ना ती. तिनेही लावला होता, पण बिल्डिंगच्या ऑफिसची चिठ्ठी आली तशी काढला. मलाही आलीय ती चिठ्ठी. तू आलीस की वाचून घेऊ म्हणून ठेवलीय." मावशींनी हात पुसून फ्रीजवरची चिठ्ठी काढून दिली. "दुपारी चारनंतर बसवत नाही गं इथे. आपल्याकडे ऊन सातला जातं तरी. इथे नऊ वाजले तरी हे आपलं समोर उभंच. हा कागद लावल्यापासून जरा जीवात जीव आलाय."

चिठ्ठीत लिहिलं होतं की खिडकीवरच्या आवरणामुळे इमारतीच्या एकसंध दर्शनी रूपाला बाधा येते, भाडेकराराच्या अमुक कलमाचा भंग होतो, आणि दहा दिवसांत ते न काढल्यास पुढील कारवाई होईल. उपासनाने ती दोनदा वाचली. मग म्हणाली, "काही विशेष नाही. कागद काढा म्हणतायत. बाहेरून बरा दिसत नाही म्हणून."

"बरा दिसत नाही हे खरंय," मावशी म्हणाल्या.

"गुरुवारी आमच्याकडे काही लोक येणार आहेत, बिल्डिंग बघायला. मोठं बक्षीस आहे."

"तुला मिळणार?"

"ऑफिसला. माझं नाव असेल त्यात."

मावशी लगेच उठल्या. "मग एवढं सांगायला कशाला घुटमळतेस? काढून टाकू. तू म्हणतेस तर प्रश्नच नाही." त्या स्टूल घ्यायला निघाल्या, पण उपासनाने त्यांना बसवलं आणि स्वतः चढली. चिकटपट्टी नखाने उकलताना तिच्या लक्षात आलं की कडा किती नीट दुमडलेल्या आहेत. मोदकाच्या कळ्या पाडाव्यात तशा निगुतीने या बाईने हे केलं होतं. कागद निघाला आणि खोलीत एकदम उजेड आला. समोर आकाश, दूरवर पाणी. उपासनाने कागदाची सुरळी केली आणि सोफ्यामागे ठेवली. "ते लोक गेले की परत लावू," ती म्हणाली. "मी सांगते तुम्हाला." मावशींनी तिला गरम पोळी खाऊ घातली. वरून लिंबाचं लोणचं. खिडकीचा अडसर जागच्या जागी होता. खिडकी चार इंच उघडी होती, आणि त्या फटीपाशी मावशींनी एक खुर्ची ठेवली होती.

गुरुवार चांगला गेला. परीक्षकांनी गच्चीवरच्या गवतात हात फिरवला, पावसाच्या पाण्याच्या टाक्या पाहिल्या, उपासनाच्या आईची खाट त्यांनी विशेष आवडीने ऐकली. एक पांढऱ्या केसांची बाई म्हणाली, ही खरी शाश्वतता. शुक्रवारी हवामान खात्याचा इशारा आला: शनिवार-रविवार एकशे चार अंश. उपासनाने मनातल्या मनात त्याचे चाळीस केले, तेव्हा ते नागपूरच्या मार्चसारखं, घरगुती वाटलं. अमेरिकेत सोळा वर्षं काढूनही तिला फॅरनहाइटची भीती वाटत नसे, सेल्सिअसची वाटे. आणि चाळीसची भीती वाटण्याचं तिचं वय नागपुरातच संपलं होतं. फोनवर दादाराव म्हणाले, "चाळीस? आन् तुमी लोक घाबरून राहिले? इथं शेहेचाळीस आहे." ती हसली. शनिवारी सकाळी ज्यांच्याकडे गाडी होती ते सगळे समुद्राकडे निघाले, तसेच तीही निघाली, बुद्धभूषण आणि सियाला घेऊन. दुपारी किनाऱ्यावर स्वेटर घालावा लागला. तिथून तिने मावशींना फोन केला. "कशा आहात?" "आहे बाई. ऊन आहे जरा. पंखा लावलाय." आवाज संथ होता, थोडा जड. मग मावशींनीच विचारलं, "ते तुमचे लोक येऊन गेले का?" उपासना म्हणाली, "गेले. छान झालं सगळं." "मग बरं," मावशी म्हणाल्या आणि थांबल्या. पुढच्या आयुष्यात उपासना या थांबण्याकडे पुन्हा पुन्हा जाणार होती. मावशी काहीतरी ऐकायची वाट बघत होत्या. दोन शब्द पुरले असते: कागद लावा. पण कागद लावा म्हटलं की का लावा ते आलं, आणि का म्हटलं की खिडक्या, पट्ट्या, तीनशे बारा आणि अठ्ठ्याऐंशी हे सगळं आलं; निदान तेव्हा तिला तसं वाटलं. ती म्हणाली, "पाणी पीत राहा हं." "हो हो. मजा करा," मावशी म्हणाल्या.

रविवारी संध्याकाळी साडेसातला आबेबाला मावशी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये सापडल्या. कॉरिडॉर गार असतो. तिथे यंत्राने हवा फिरवतात, कारण तो सगळ्यांचा असतो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय पसरून, दार उघडं टाकून. आबेबाने विचारलं, तर मावशी तिच्याशी मराठीत बोलू लागल्या, मग बोलणं तुटलं. अँब्युलन्समध्ये घेतलं तेव्हा अंगात एकशे सहा ताप होता, आणि तो कुठल्या आजाराचा नव्हता, खोलीचा होता. उपासना किनाऱ्यावरून चार तास गाडी चालवून आली तेव्हा मावशींच्या काखेत, मानेशी बर्फाच्या पिशव्या होत्या. किडनीला धक्का बसला होता. डॉक्टरीणबाई तरुण होती, दोन दिवस झोपलेली दिसत नव्हती. तिने विचारलं, "यांच्या घरात एसी नाही का?" उपासना म्हणाली, "नाही." "जुनी बिल्डिंग आहे का?" बुद्धभूषण म्हणाला, "नाही, नवीन आहे."

अंकुर डॅलसहून आला. चाळिशीचा, थकलेला, आईशी बोलताना फोनकडे बघणारा, पण रात्ररात्र खुर्चीत बसून राहिला. त्याने उपासनाचा हात दोन्ही हातांत घेतला. "ताई, तुम्ही नसता तर काय झालं असतं? आई नेहमी सांगायची, उपासनाने घर मिळवून दिलं. थँक यू हं." तिने हात सोडवून घेतला नाही. सोडवून घेतला असता तर बोलावं लागलं असतं. ती घरी आली आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ हात धूत राहिली. मग हे आपण कुठल्यातरी नाटकातल्यासारखं करतोय असं वाटून तिने नळ बंद केला. तिला रडूही येत नव्हतं. कुठेतरी खोल तिला एवढंच वाटत होतं की आता कुणीतरी मला पकडावं. तिसऱ्या आठवड्यात तिने वॉरनला पत्र लिहिलं. दोन्ही हिशेब जोडले, तारखांसकट. पहिल्यात काय होतं, दुसऱ्यात काय बदललं, कुणी सांगितलं, कुणी केलं. आणि मंगळवारी आपण स्वतः खिडकीवरचा कागद काढला, हेही. तेच पत्र तिने शहराच्या इमारत विभागालाही पाठवलं. त्याच आठवड्यात बक्षीस जाहीर झालं. ते त्यांनाच मिळालं.

वॉरनने तिला गच्चीवर नेलं, गवतातल्या बाकावर. त्याचे डोळे खरंच भरून आले होते. "हे लिहायला किती धैर्य लागलं असेल," तो म्हणाला. उपासना म्हणाली, "मी चूक केली, वॉरन. तू सांगितलंस आणि मी केली." "दोष तुझा नाही. माझाही नाही. प्रक्रियेचा आहे. मॉडेल आणि प्रत्यक्ष यांच्यात जी दरी असते, तिच्याबद्दल आपल्या धंद्यात कुणी बोलतच नाही. तू बोल. ऑक्टोबरमध्ये डेन्व्हरला कॉन्फरन्स आहे, मी त्यांच्याशी बोललोय, चाळीस मिनिटं देतायत. तुझ्या आईच्या गोष्टीने सुरुवात कर, आणि मग हे." तो खाली रस्त्याकडे बघत होता. "लोकांना शिकायला मिळेल." त्रेचाळीस घरांना एकेक चाकांवरचा एसी देण्यात आला, त्याची जाड पांढरी नळी बरोबर चार इंचांच्या फटीतून बाहेर निघत होती. शहराकडून उत्तर आलं: इमारत परवानगीच्या वेळी लागू असलेल्या नियमांत बसत होती, आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार. उपासना ते उत्तर जेवणाच्या टेबलावर ठेवून बसली. सियाने वाचलं आणि विचारलं, "So you're not in trouble?" "नाही," उपासना म्हणाली. "That's good, right?" सिया म्हणाली आणि दूध प्यायला लागली. डेन्व्हरला जायला उपासनाने नकार दिला. वॉरन म्हणाला, समजू शकतो. मग तिच्या जागी तो स्वतः गेला, आणि तिच्या परवानगीने नव्हे पण तिचं नाव आदराने घेऊन, बोलला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं. तिने नोकरी सोडली नाही. सोडायचं पत्र तिने दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा ते वाचताना ती स्वतःलाच उदात्त वाटू लागली, आणि त्या वाटण्याचीच शिसारी येऊन तिने ते पुसलं.

पण हे ऑक्टोबरचं झालं. त्याआधी, ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, अंकुर मावशींना डॅलसला न्यायला आला. सामान थोडंच होतं. तो खाली ट्रकवाल्याशी बोलत होता आणि वर उपासना मावशींबरोबर डबे कागदात गुंडाळत होती. मावशी खूप वाळल्या होत्या. मधेच शब्द सापडत नसे, मग त्या हाताने त्या वस्तूचा आकार करून दाखवायच्या. एका कोपऱ्यात तो एसी घरघरत होता. उपासना लाटण्याला वर्तमानपत्र गुंडाळत होती, आणि तिने हात न थांबवता सांगून टाकलं. फार काही तांत्रिक नाही. एवढंच, की ही घरं तापणार हे मला आधीच कळलं होतं. कागदावर मी ते लपवलं. तुम्हाला इथे आणलं तेव्हाही मला माहीत होतं. तो कागद काढला तेव्हाही.

मावशी ऐकत होत्या. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. कुणीतरी हिशेब सांगत असताना आपण मनात दुसराच पडताळून पाहावा तसं काहीतरी त्या करत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणून सियाला गेल्या जुलैपासून कँपला घातलंस."

उपासनाच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, बुद्धभूषणलाही नाही. स्वतःलाही तिने 'मैत्रिणी मिळतील, पोहायला शिकेल' असंच सांगितलं होतं. गेल्या जुलैत एका संध्याकाळी ती सुट्टीत मावशींकडे ठेवलेल्या सियाला न्यायला इथे आली होती, पोरीचं तोंड लालबुंद झालं होतं, मानेवर घामोळं उठलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिने कँपचा फॉर्म भरला होता.

"मला वाटलं, मी म्हातारी झाले," मावशी म्हणाल्या. शब्द शोधत, एकेक करून. "पोर सांभाळायला पुरत नाही. आता तुला चालत नाही मी. वर्षभर तेच डोक्यात होतं. विचारायचं धाडस झालं नाही बघ." मग त्यांनी तिच्या हातातून लाटणं घेतलं, गुंडाळलेला कागद नीट दाबून बसवला आणि ते खोक्यात ठेवलं.

"मावशी," उपासना म्हणाली.

"असू दे."

खालून अंकुरची हाक आली. मावशींनी चपला घातल्या, भिंतीला धरून उभ्या राहिल्या, खोलीभर एकदा बघितलं. एसी बंद करायचा राहिला होता. तो त्यांनी जाऊन बंद केला. मग पर्समधून चावी काढली आणि उपासनापुढे धरली. "ऑफिसात तेवढी देशील ना? मला त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला जमत नाही."

"देते," उपासना म्हणाली.

तिने त्यांना लिफ्टपर्यंत धरून नेलं. लिफ्ट आल्यावर मावशींनी तिचा हात बाजूला केला, जोरात नाही, आणि आत जाऊन दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. उपासना त्यांच्यामागोमाग आत शिरली नाही. ती जिन्याने सहा मजले खाली उतरली, ऑफिसच्या काउंटरपाशी गेली आणि तिथल्या मुलीला म्हणाली, सहाशे पाचची चावी. मुलीने वहीत बघून विचारलं, भाडेकरूशी तुमचं नातं काय? ती चावी पुढे धरून उभी होती, आणि मुलगी पेन घेऊन उत्तराची वाट बघत होती.